न रडलेलं बाळ

फिलोमिना डिमेलो या बाईंनी माझ्या उजव्या टाचेत सुई टोचली, ती आमची पहिली ओळख.

मुलुंडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, नवजात बाळांच्या विभागात मी स्टाफ नर्स म्हणून रुजू झाले तो दिवस. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, नवे पांढरे बूट, परीक्षेत बऱ्यापैकी मार्क आणि त्यामुळे डोक्यात बऱ्यापैकी हवा. इनचार्ज सिस्टरनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बस इथं. बूट काढ. मोजा पण." मला वाटलं, पायांची स्वच्छता बघतात की काय. तेवढ्यात टचकन टोचलंच. मी कळवळले. त्या कापूस दाबत म्हणाल्या, "हेच आता दिवसातून आठ वेळा. आणि तुझं वजन सव्वादोन किलो आहे असं समज. जा, हात धू, कामाला लाग."

पुढे कळलं की विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या नर्सचं आणि शिकाऊ डॉक्टरचं स्वागत असंच होतं. एसी दुरुस्त करायला आलेला एक माणूस मोजा काढेपर्यंत थांबला होता, मग कोणीतरी त्याला सोडवलं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आईला गरोदरपणात साखर असली, किंवा बाळ दिवसांआधी आलं, फार लहान किंवा फारच गुटगुटीत निघालं, तर नाळ कापल्यावर बाळाच्या रक्तातली साखर घसरू शकते. फार घसरली आणि तशीच राहिली तर मेंदूला इजा होते. वरून बघून भरवशाने काही सांगता येत नाही. म्हणून पहिले एक-दोन दिवस दर दुधाच्या आधी टाचेतून थेंबभर रक्त काढायचं आणि मीटरवर बघायचं. थोडक्यात, बाळाला जपायचं म्हणजे त्याला टोचायचं. बाहेर पेढे वाटले जात असतात आणि आत ज्याच्या नावाचे पेढे, त्याच्या टाचेची चाळण होत असते.

फिलू सिस्टरना (सगळे त्यांना फिलूच म्हणायचे, समोर सिस्टर जोडून) या गोष्टीचा मनस्वी राग होता. तपासणीचा नाही, ती हवीच. तिच्या सवयीचा. "आपल्याला कानच उरले नाहीत गं," त्या म्हणायच्या. "पोर किंचाळतंय आणि आपण एकमेकींना विचारतोय, आज डब्याला काय."

त्या भांडुपच्या गावठाणातल्या. बुटक्या, रुंद, चष्मा गळ्यात दोरीला, नखं मांसापर्यंत कापलेली. वडिलांची भातशेती होती, तिथे आता पोहण्याचा तलाव असलेला टॉवर आहे. "आम्ही तिथं चिखलात पडायचो तर मार मिळायचा," असं त्या बसमधून बोट दाखवून सांगायच्या. त्यांच्या डब्यातल्या मासळीच्या कालवणाचा, गावठाणात वर्षभराचा कुटून बाटल्यांत भरतात त्या बॉटल मसाल्याचा वास ड्युटीरूममध्ये संध्याकाळपर्यंत टिकायचा, आणि शाकाहारी ट्रस्टींच्या भेटीच्या दिवशी तो नेमका जास्त यायचा.

टोचण्याआधी त्या बाळाची टाच मुठीत धरून बसायच्या. दोन मिनिटं, तीन मिनिटं, टाच उबदार होईपर्यंत. शिकाऊ डॉक्टर चिडवायचे, "काय सिस्टर, मुहूर्त बघताय?"

"थंड टाच रक्त देत नाही रे. मग तू दाबणार, पिळणार, परत टोचणार. लिंबू आहे का ते?"

टोचायचं तेही टाचेच्या कडेला, मध्यभागी कधीच नाही. साध्या सुईनं नाही, बटण दाबलं की झटकन टोचून सुई परत आत ओढून घेणारं छोटं यंत्र असतं, त्यानं. ही यंत्रं आमच्या स्टोअरमध्ये होती, पण वापरली तर संपतील म्हणून कुलुपात जपून ठेवलेली होती. सिस्टर स्टोअरकीपरच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसायच्या आणि डबा मिळेपर्यंत त्याला गावठाणातल्या लग्नांची माहिती द्यायच्या. तो तिसऱ्या लग्नाला किल्ली काढायचा. आणि सगळी तयारी झाली की टोचण्याच्या क्षणी बाळाच्या कानाशी वाकून म्हणायच्या, "टोचते हं, राजा." उत्तराची वाट बघितल्यासारख्या क्षणभर थांबायच्यासुद्धा.

विभागप्रमुख डॉक्टर केळुसकर तसा सज्जन माणूस, पण कागदाला घाबरणारा. एका बाळाची साखर लागोपाठ चार वेळा चांगली आली होती, तरी त्यांनी लिहिलं, दर दोन तासांनी तपासा.

"कशासाठी?" सिस्टरनी विचारलं.

"सेफ साइड, सिस्टर."

"बाळाची सेफ साइड की तुमची?"

डॉक्टर म्हणाले, लिहिलंय तसं करा. सिस्टर म्हणाल्या, करते ना, पण मग तुमचीही काढते, बाळाला सोबत. डॉक्टर हसले. बारा वाजता ते ओपीडीत पेशंट तपासत होते, तिथे सिस्टर ट्रे घेऊन हजर. पेशंटसमोर नाही कसं म्हणणार, त्यांनी बोट पुढे केलं. दोन वाजता परत हजर. चार वाजता त्यांनी ऑर्डर खोडली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बोटांना चिकटपट्टी लावून राउंडला आले.

आईच्या मांडीवर, दूध पीत असताना टोचलं तर बाळाला कमी दुखतं, हे सिस्टरना कोणी शिकवलं नव्हतं, बघून बघून कळलं होतं. पण आमच्याकडे नियम होता की आईने आत यायचं नाही. जंतू येतात म्हणून. ट्रस्टी त्यांच्या पाहुण्यांना घेऊन यायचे, फोटो काढायचे, त्यांचे जंतू सुसंस्कृत असावेत. सिस्टरनी नियमाचा फलक दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "आई आत येणार नाही, असं लिहिलंय. बाळ बाहेर जाणार नाही, असं कुठाय?" त्या दिवसापासून ठणठणीत असलेली, फक्त नजरेखाली ठेवलेली बाळं त्या आपल्या हाताने प्रसूतीच्या वॉर्डात आईकडे न्यायच्या. मी मागून मीटर घेऊन. सिस्टर सगळी तयारी करून आईला म्हणायच्या, "तू खाली बघू नकोस, त्याच्या डोळ्यांकडे बघ." बाळ चुटूचुटू पीत राहायचं आणि आमचं काम होऊन जायचं.

वॉर्डात त्यांचं दुसरं युद्ध आज्यांशी. नातवंडाच्या तोंडाला पहिलं गोड बोट आपलंच लागावं म्हणून मधाची बाटली, गुळाचं पाणी, गुटी घेऊन आज्या टपलेल्या असायच्या. सिस्टर खाटेपाशी उभ्या राहून शांतपणे विचारायच्या, "आजी, पदराखाली काय आहे?" एकीने सांगितलं, देवाचं आहे. सिस्टर म्हणाल्या, "मग देवाला चाटवा." अशा जप्त बाटल्यांची आमच्याकडे एक फळी भरली होती.

आणि याच बाई एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या.

तिथे कोणीतरी सांगितलं की टोचण्याआधी दोन थेंब गोड पाणी जिभेवर दिलं तर बाळाला दुखणं कमी जाणवतं. खरं आहे ते, बऱ्याच ठिकाणी करतात. त्यासाठीचं मोजून बनवलेलं साखरेचं पाणी आमच्या स्टोअरला ठाऊक नव्हतं. ग्लुकोजच्या कुप्या मात्र वॉर्डात ढिगाने. सिस्टरनी डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरांनी मान हलवली, आणि आमच्याकडे नवी पद्धत सुरू झाली. हातमोजा घातलेलं बोट ग्लुकोजमध्ये बुडवायचं, बाळाला चोखायला द्यायचं, आणि टोचायचं. बाळं रडायची थांबली. खोटं सांगत नाही, विभागात दुपारी घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. सिस्टर येईल त्याला धरून दाखवायच्या. "बघ, हूं नाही की चूं नाही." त्यांच्या तोंडावरचा तो आनंद बघून आम्हालाच गुदगुल्या व्हायच्या.

शोभा नावाची कांजूरमार्गची बाई तेव्हा बाळंत झाली होती. नवरा टेंपो चालवायचा, हिला गरोदरपणात साखर निघालेली. मुलगी झाली, चांगली गोरटेली, वजनदार. तिच्या सासूच्या हातून सिस्टरनी सकाळीच मधाची बाटली काढून घेतली होती आणि चार बायकांच्या देखत दोन गोष्टी सुनावल्या होत्या. अकरा वाजता मुलीची तपासणी. शोभाला टाक्यांमुळे बसवत नव्हतं, म्हणून ती आमच्याच खोलीत करायची ठरली. मी शेजारी उभी होते. सिस्टरनी टाच उबवली, स्पिरिटने पुसली, वाळू दिली, बोट ग्लुकोजमध्ये बुडवून चोखायला दिलं. मुलीने जरासंच चोखलं. मग त्याच हाताने टाच धरून टोचलं.

ती रडली नाही. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

"काय गुणी पोर आहे बघ," सिस्टर म्हणाल्या. मीटरवर ब्याऐंशी आकडा आला. उत्तम. मी कागदावर लिहिला.

साडेबाराला मी ताप बघायला गेले तर मुलगी लुळी पडली होती. ओठांशी दूध नेलं तर तोंड लावेना. ओठ निळसर. मग डावा हात थरथरायला लागला, आणि तो धरला तरी थांबेना. झटका होता तो. मी ओरडून डॉक्टरांना बोलावलं, साखर काढली, चोवीस. लगेच शिरेतून ग्लुकोज सुरू केलं आणि दहा मिनिटांत थरथर थांबली. संध्याकाळी ती व्यवस्थित दूध प्यायली. पण दीड तासापूर्वी ब्याऐंशी असलेली साखर चोवीसवर येते कशी, हे कोणाला कळेना.

डॉक्टर केळुसकरांनी ठरवलं, पट्ट्यांचा डबा खराब असणार. दमट हवा आहे, झालं असेल. डबा परत पाठवायला बाजूला काढला, तसा कागद तयार झाला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. एक सिस्टर सोडून. त्यांनी तो डबा उचलून आपल्याकडे ठेवला.

ड्युटी संपताना त्यांनी मला ड्युटीरूममध्ये बोलावलं. तोच डबा टेबलावर. स्वतःचं एक बोट पाण्याने धुऊन पुसलं, टोचलं. एकशे बारा. मग दुसऱ्या बोटाला ग्लुकोजचा हात लावला, वाळू दिला आणि टोचलं. मीटरवर चारशेच्या वर आकडा आला.

"डबा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "माझं बोट खराब होतं."

त्याच हाताने टाच धरली, टाचेला ग्लुकोज लागलं, थेंब त्यात मिसळला आणि मशीनने प्रामाणिकपणे तेच मोजलं. पोरीची साखर अकरा वाजताच खाली होती. मी म्हटलं, "सिस्टर, आता झालं ते झालं. उद्यापासून आपण काळजी घेऊ. डब्यावर ढकललंय ना त्यांनी." हो, मी म्हटलं तसं. लाज वाटते, पण म्हटलं.

"आणि बाकीच्या आठ जणी? त्याही असंच करतायत, मीच शिकवलंय." मग म्हणाल्या, "ती रडली नाही गं. साखर उतरलेलं पोर रडत नाही, हे मी सगळ्यांना शिकवते. आणि मी तिचं कौतुक करत बसले."

त्या वर्षी त्या मेट्रन होणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. डॉक्टर केळुसकर अक्षरशः हात जोडून म्हणाले, "सिस्टर, प्रकरण मिटलंय. तुम्ही ते कशाला उघडताय? आणि आईला काही सांगू नका, काय सांगायचं ते मॅनेजमेंट ठरवेल."

"चूक माझी आहे. ती मॅनेजमेंटला कशी माहीत असणार?" असं म्हणून त्या सरळ वॉर्डात गेल्या. मी मागे. शोभाच्या खाटेपाशी उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं, एकाही इंग्रजी शब्दाचा आडोसा न घेता. बोट, टाच, आकडा, झटका. "मोठी झाल्यावर तिला काही त्रास होईल का, आज कोणीच सांगू शकत नाही. बहुतेक होणार नाही. पण चालणं, बोलणं, शाळेतलं लक्ष, सगळं बघत राहायला लागेल," त्या म्हणाल्या. "मला माफ कर, असं म्हणायलाही तोंड नाही मला."

शोभा कोपरावर रेलून उठली. "माझ्या सासूला चारचौघांत बोललात तुम्ही. बाटली काढून घेतलीत. आणि इथं तुम्हीच चाटवत होतात?"

"हो."

"निघा. माझ्या पोरीला परत हात लावायचा नाही. तिच्या आसपास दिसायचं नाही."

सिस्टर निघाल्या.

मग कमिटी बसली. चार माणसं, एक फाइल, समोसे. कमिटीने ग्लुकोज बंद केलं, ते योग्यच होतं. पण लेखणी हातात आहेच तर म्हणून आईच्या मांडीवर टोचणंही बंद केलं, टाच उबवण्यात वेळ घालवू नये असंही लिहिलं. आणि सुईने दुखवू नये म्हणून आयुष्यभर भांडलेल्या बाईची बदली केली लसीकरणाच्या खोलीत, जिथे दिवसभर फक्त सुया टोचायच्या. मेट्रन दुसरीच झाली. आमच्या विभागात पुन्हा किंकाळ्या सुरू झाल्या. लसीकरणाच्या खोलीतून मात्र रडण्याचा आवाज कमी झाला, कारण सिस्टरनी तिथे आयांना दूध पाजत बसवायला सुरुवात केली आणि तिथला फलक कोणी वाचायला येत नव्हतं.

दोन वर्षांनी डॉक्टर केळुसकर एका परिषदेहून आले. आईच्या अंगाशी धरून, टाच गरम करून, कडेला टोचायचं, आणि चिकट-गोड हात टाचेला अजिबात लावायचा नाही, हे तिथे त्यांना पडद्यावर दाखवलं होतं. त्याला एक लांबलचक नाव होतं. त्यांनी त्याचा तक्ता प्लास्टिकमध्ये मढवून भिंतीवर लावला. मी फोटो काढून सिस्टरना पाठवला. त्यांचा उलटा निरोप आला, "छान. अक्षरं मोठी आहेत."

पुढे काही दिवस बाळाच्या मांडीला चिकटवायची एक चकती बघायला आणली होती. एकदाच बारीक टोचून लावली की ती आपली आपण आकडे सांगते, मधली बरीच टोचाटोची वाचते. अजून नेहमीच्या वापरात नाही. निवृत्तीच्या दिवशी सिस्टर निरोप घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली. "हे बरंय," म्हणाल्या. "माणसाचं बोट मध्ये येत नाही." समारंभात ट्रस्टींनी त्यांच्या सोशिकपणाचं कौतुक केलं. सोशिक हा शब्द त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच लागला असेल.

त्या घटनेनंतरच्या सहा वर्षांत शोभा परत आमच्याकडे आली नाही. मुलीच्या पुढच्या तपासण्या तिने दुसरीकडे केल्या असाव्यात. ती पोरगी बसली का, चालली का, बोलते का, काही कळायला मार्ग नव्हता. सिस्टरकडे पत्ता होता. पण दिसायचं नाही म्हणजे नाही, तो शब्द त्यांनी ऑर्डरसारखा पाळला. भेटल्या की हवापाण्याचं बोलायच्या आणि जाताना विचारायच्या, "ती कांजूरची कोणी आली होती का गं?" मी नाही म्हणायचे.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. माझ्या नणंदेकडे कांजूरमार्गला गेले होते. दुपारी साडेबारा वाजता, रणरणत्या उन्हात, शाळेच्या फाटकासमोरच्या वह्यांच्या दुकानाशी फिलू सिस्टर छत्री धरून उभ्या. मला बघून चोरी पकडल्यासारख्या झाल्या. मासळी घ्यायला आल्या असताना शोभा आणि गणवेशातली मुलगी दिसली होती, तेव्हा शाळा कळली. तेव्हापासून दर बुधवारी. घरी चर्चमध्ये बुधवारच्या प्रार्थनेला, नोव्हेनाला जाते म्हणून सांगायचं आणि इथे यायचं.

"नाव आर्या. पहिलीत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "चालते सरळ. पळते. उजव्या हाताने दप्तर उचलते, डाव्याने पण. तो हात बघत होते मी. पण बाकीचं लांबून काय कळणार?"

"जवळ जा ना मग."

"दिसायचं नाही, असं सांगितलंय तिने."

शाळा सुटली. शोभा मुलीचा हात धरून बाहेर आली, आणि वळून सरळ रस्ता ओलांडून आमच्यासमोर येऊन उभी राहिली. सिस्टरनी छत्री मिटली. का मिटली कोण जाणे.

"सहा महिने झाले, दर बुधवारी इथं उभ्या असता," शोभा म्हणाली. "मला काय दिसत नाही?"

सिस्टरनी मिटलेल्या छत्रीचा पट्टा गुंडाळायला घेतला.

"ठीक आहे ती. डॉक्टरांनी पाच वर्षांपर्यंत बघितली. शंभरपासून उलटे आकडे म्हणते, डोकं खाते माझं." मग मुलीचा हात जरा पुढे केला. "घ्या. बघा जवळून."

सिस्टर खाली वाकल्या, पण हात पुढे होईना. आर्याला मात्र या बाईत काडीचा रस नव्हता. तिला बाजूच्या गाडीवरचा बर्फाचा गोळा हवा होता, काला खट्टा. शोभा नको म्हणाली, खोकला होईल. झालं. पोरीने तिथेच रस्त्यावर फतकल मारली आणि गळा काढला. असा की दुकानदार बाहेर आला, दोन बायका थांबल्या, शोभा लाजून लाल झाली आणि तिचं तोंड दाबायला वाकली.

"गप गं, काय लाज आणतेस..."

"राहू दे," फिलू सिस्टर म्हणाल्या. त्यांनी शोभाचा हात धरला होता, आणि त्यांचा चष्मा पूर्ण ओला झाला होता. "रडू दे तिला. जरा ऐकू दे मला."